बाळ्याची वॅगनार

चिपळूण, रविवार

सुध्या,

दिवाळीपासून फोन नाही, पत्र तर लांबच. शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. आईचे गुडघे सोडले तर ती बरी आहे. माझी शुगर जागेवर.

विषय बाळ्याचा आहे, म्हणून तुलाच लिहितोय. तो वॅगनार विकतोय, मला पावणेचार लाखांना देतो म्हणाला. २०१८ च्या दसऱ्याची, आपण गणपतीपुळ्याला नेली होती तीच. (पेट्रोलचे पैसे तू अजून दिलेले नाहीस. वडापाव मी दिले म्हणशील, पण वडापावावर गाडी चालत नाही.)

२०२५ च्या सप्टेंबरात छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, तेव्हापासून मेघा म्हणते नवीच घेऊ. पण वर आरटीओचा ११ टक्के टॅक्स, विमा, शिवाय पोरीची फी. म्हणून जुनी. एका पतसंस्थेत गेलो. साहेब म्हणाले, फक्त सात टक्के. तीन लाख, पाच वर्षं, हप्ता ६,७५०. मांडून बघितलं तर तो फ्लॅट रेट. मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण तीन लाखांवर. घटत्या शिलकीवर धरलं तर साडेबाराच्या आसपास पडतो. हे सांगितल्यावर साहेबांनी चहा मागवला, दर काही उतरवला नाही.

ते असो. बाळ्या म्हणाला, "विमा ऑक्टोबरपर्यंत आहे, पंचेचाळीस टक्के नो क्लेम बोनस, तुला फुकट." फुकट कसला! क्लेम न घेतल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात सूट मिळते तो हा बोनस, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो बाळ्याकडेच राहणार. मला फरक भरून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागणार, नाहीतर उद्या ठोकली तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दमडा मिळायचा नाही. आरसीवर बँकेचा एचपी, म्हणजे कर्जाचा बोजाही तसाच आहे. हप्ते कधीच संपले, पण एनओसी आणून फॉर्म ३५ भरायचा कंटाळा. बाळ्याच तो!

पण माझं डोकं अडकलं त्या पंचेचाळीसवर. बोनस चढतो वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास असा. २०१८ पासून क्लेमच नसता तर २०२३ लाच पन्नास झाले असते. म्हणजे मध्ये कधीतरी शून्यावर आला. उलटं मोजत गेलो, शून्य येतं ऑक्टोबर २०२१ ला. त्याच्या आधीच्या वर्षात क्लेम घेतलाय. परशुराम घाटात बंपर घासला असेल, असं मीच मला समजावलं. मग काल गाडी बघायला गेलो. बाळ्या चहा सांगायला आत गेला तेव्हा मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ. नखाने खरवडली तर भुकटी निघाली. वाशिष्ठीचा गाळ आपल्याला कोणी ओळखून द्यायला नको.

बाळ्या म्हणतो, २०२१ च्या पुराच्या दिवशी, २२ जुलैला गाडी गुहागरला ताईकडे होती. तीनदा म्हणाला, मी विचारलेलंही नव्हतं.

पुरात बुडालेल्या गाडीचं वायरिंग कधी बोंबलेल सांगता येत नाही. क्लेममधून नीट केली असेल तर चालेलही, पण मग पावणेचार नाहीत, तीनच्या खाली. दुसऱ्या कोणाची असती तर तिथेच तोंडावर सांगून आलो असतो.

पण त्या पुरात आई, माळा आणि बाळ्या, हे तुला सांगायला नको. त्या रात्री त्याने मला फोन केला तेव्हा तो खेर्डीत होता, आणि पाऊण तासात आमच्या दारात. त्या पावसात चालत आला होता का रे? तेव्हा विचारायचं सुचलं नाही. आता सुचतंय आणि विचारवत नाही. मेघाला अजून काही बोललेलो नाही. ती लगेच म्हणेल पाच लाखांना घे, आणि आई तर सहाला.

तुझं काय? कविताच्या बदलीचं झालं का? नाशिकचं घर विकायचं ठरलं असं दादांकडून कळलं, तू मात्र सांगितलं नाहीस. चिंटूला बारावीला आशीर्वाद सांग.

बाळ्याला शनिवारी उत्तर द्यायचंय. तूच सांग, भाव करू की त्याने सांगितलेले देऊन मोकळा होऊ? तो तुझ्याशी बोलला असेल तर तेही कळव. फोन नऊनंतर कर, त्याआधी आईची मालिका असते.

तुझा,
विन्या