पावलाचा कागद

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील शाळकरी मुलांनी नागरी हक्कांच्या लढ्याच्या स्मरणार्थ सापडेल त्या वस्तूंतून केलेल्या छोट्या देव्हाऱ्यांविषयीचा मजकूर आपण कालच्या पुरवणीत ‘टाकाऊतून टिकाऊ’ या मथळ्याखाली, बाटल्यांच्या फुलदाण्या आणि जुन्या साड्यांची पायपुसणी यांच्या शेजारी छापलात, याबद्दल आपले आभार मानावेत की निषेध नोंदवावा, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी मी अटलांटाजवळ मुलाकडे राहायला गेले होते, तेव्हा नातीच्या वर्गाला हेच काम मिळाले होते. विकत काही आणायचे नाही, एवढीच अट होती. तिच्या वाट्याला त्या लढ्यात शाळकरी वयातच अटक झालेल्या क्लॉडेट कोल्विन आल्या. बुटांचा रिकामा खोका आणि काडी मोडलेला माझा चष्मा एवढे जमल्यावर तिने किराण्याची तपकिरी कागदी पिशवी फाडून जमिनीवर पसरली, मला तिच्यावर अनवाणी उभे केले आणि पावलाभोवती पेन्सिल फिरवली. लक्ष्मीची पावले काढते आहे की काय, असे मला वाटले. मग तिने सांगितले की, कृष्णवर्णीयांना दुकानात जोडे पायात घालून पाहू देत नसत, म्हणून अशाच कागदावर पावलाची आकृती काढून ती दुकानात न्यावी लागे. ही आठवण कोल्विन यांनीच सांगून ठेवली आहे. संधिवाताने वाकलेल्या माझ्या अंगठ्यापाशी रेघ वेडीवाकडी गेली, ती तिने खोडली नाही. आपल्या मथळ्यानुसार ती पिशवी टाकाऊ आणि माझे पाऊल टिकाऊ ठरले असावे!

अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमला कलाकार जो मिंटर यांनी १९८९ पासून घराशेजारच्या जागेत गंजलेले लोखंड आणि मोडके सामान यांतून हाच इतिहास उभा केला आहे. त्यालाही आपण कोणत्या सदरात बसवले असते, याचे कुतूहल आहे.

त्याच मजकुरात रोझा पार्क्स यांना ‘दमलेली वृद्धा’ म्हटले आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामातील माँटगोमेरी शहरात बसमधील जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा त्या ४२ वर्षांच्या होत्या आणि हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेचे चिटणीसपद सांभाळत आलेल्या होत्या. त्याच शहरात, त्याच वर्षी २ मार्चला, बसमधील जागा सोडण्यास नकार दिल्याबद्दल पंधरा वर्षांच्या कोल्विन यांना बेड्या घालून नेण्यात आले होते, आणि ज्या खटल्यामुळे १९५६ मध्ये बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरला, त्यातील चार वादींपैकी त्या एक होत्या. आपल्या अर्ध्या पानात त्यांच्यासाठी एकही ओळ नाही, फुलदाणीला मात्र दोन छायाचित्रे आहेत.

पुरवणीच्या कामाची घाई मी समजू शकते. तथापि हे पत्र छापणार असाल, तर कोल्विन यांचे नाव तेवढे तपासून घ्यावे, कारण गेल्या महिन्यात माझ्या चवदार तळ्यावरील पत्रात आपण ‘महाड’चे ‘म्हाडा’ केले होते आणि त्याची दुरुस्ती मी अजून शोधते आहे.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा