जनरल रजिस्टर भिजलंय : हायस्कुलाच्या माजी विद्यार्थ्यांना आणि ग्रामस्थांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आपल्या हायस्कुलाच्या कार्यालयावरची कौलं सरकली आणि कपाटामागच्या भिंतीवरून पाणी आत आलं. नकाशे वाळले, बाकं वाळली. जनरल रजिस्टरं वरून वाळली, पण आतली पानं एकमेकांना चिकटली आणि निळ्या शाईची अक्षरं समोरच्या पानावर उलटी उमटली. खालच्या दोन रजिस्टरांना वाळवीही लागलेली निघाली. ती पावसाच्या आधीपासूनची आहे, तिचं खापर पावसावर फोडता येत नाही.

ही रजिस्टरं दुरुस्त करून घ्यायची, त्यांची छायाप्रत करायची आणि कार्यालयाचं छप्पर नीट करायचं, एवढ्यासाठी हे आवाहन आहे. मागच्या वर्गणीतून कमान झाली आणि कौलं तशीच राहिली, हे पारावरचं बोलणं आमच्याही कानावर आहे. यंदा कमान नाही, रंगही नाही.

जनरल रजिस्टर म्हणजे काय, हे दाखला काढायला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. शाळेत नाव घातलं की पोराला त्यात एक नंबर मिळतो. पुढे नाव, जात-पोटजात, जन्मठिकाण, आकड्यात आणि अक्षरात जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, अभ्यास, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. जन्मतारखेचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला तर 1 जून, 1 जून, 1 जून असंच दिसतं. आईला आठवायचं ते 'बेंदराच्या आदल्या दिवशी' किंवा 'मोठा पाऊस झाला त्या साली', आणि गुरुजींना तर तारीख हवी. जूनमध्ये वय बसावं म्हणून त्यांनी 1 जून लिहून टाकली. आज त्याच तारखेच्या हिशोबानं आपली माणसं नोकरीतून निवृत्त होतात.

या वहीची खरी किंमत जात पडताळणीच्या वेळी कळते. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. शेतमजुराच्या घरात सातबारा नसतो, खरेदीखत नसतं. आजोबा दोन वर्षं शाळेत गेले होते, एवढाच कागद असतो. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या वेळी कुणबी नोंदी शोधायला जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरं उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणारा माणूस सोन्याच्या भावाचा झाला. आपल्याही सगळ्यात जुन्या रजिस्टरात मोडी आहे. आणि पाणी नेमकं तिथेच जास्त मुरलंय.

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कुलाचं रजिस्टर आपल्यापैकी पुष्कळांनी निदान फोटोत तरी पाहिलं असेल. तेव्हा ते सरकारी हायस्कूल होतं. 7 नोव्हेंबर 1900 रोजी तिथे इंग्रजी पहिलीत एक मुलगा दाखल झाला. नंबर 1914, नाव भिवा रामजी आंबेडकर. वर्गात त्याला कोपऱ्यात वेगळं बसावं लागे. बसायचं तरट घरून आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं, कारण झाडलोट करणारा माणूस त्या तरटाला हात लावत नसे. तहान लागली तर नळ शिपाई सोडणार, शिपाई नसेल तर पाणी नाही. हे बाबासाहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय. रजिस्टरात यातलं काही नाही, तरटाचा रकाना कोणत्याच जनरल रजिस्टरात नसतो. पण ते पान टिकलं म्हणून तारीख टिकली, आणि 2017 पासून राज्यात 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. भिवाच्या आधीच्या 1913 नावांचं काय झालं, ती मुलं कुठे गेली, हे आम्हाला विचारावंसं वाटतं. कारण आपली रजिस्टरं तसल्याच नावांनी भरलेली आहेत.

आपल्या शाळेचा इतिहास लिहायचा तर तो 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यातून लिहावा लागेल. शाळा मुळात लोकल बोर्डाची, व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत. सातवी फायनल झालेला माणूस तेव्हा मास्तर होऊ शकत असे, त्यामुळे त्या पानांवर 'अभ्यास पुरा झाला' हा शेरा मोठ्या ऐटीत लिहिलेला दिसतो. पुढे शिकायचं तर सातारा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. 'साताऱ्यास बोर्डिंगात गेला' असे शेरे आपल्या रजिस्टरात आहेत. त्या बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. वर्गणी मागताना हे सांगणं म्हणजे जरा दडपण आणण्यासारखं आहे, पण जिल्हा साताराच आहे, तेव्हा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

1 मे 1962 ला लोकल बोर्ड जाऊन जिल्हा परिषद आली आणि यथावकाश आपल्याकडे हायस्कुलाचे वर्ग झाले. कारणांचा रकाना मग बदलतो. 'गाव धरणात गेले.' 'मुंबईस गेला', हा तर पानोपानी. 1972 च्या दुष्काळात एकाच तुकडीतल्या मुलांपुढे ओळीनं 'सतत गैरहजर' आहे. ती गैरहजर पोरं खडी फोडायच्या कामावर आईबापांबरोबर होती, सुकडी खात होती. मुलींच्या बाबतीत बहुतेक वेळा रकाना कोराच. कारण काय, ते गावाला ठाऊक होतं. 1975 साली अकरावी मॅट्रिकची शेवटची आणि दहावीची पहिली तुकडी बरोबरच परीक्षेला बसली, त्या वर्षीचे दाखले काढायला एवढी झुंबड उडाली की अक्षर तीनदा बदललंय. त्यानंतरचं सारं तुम्हाला माहीतच आहे : चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट, शिष्यवृत्ती, विज्ञान प्रदर्शनातला तोच तो ज्वालामुखी.

दुरुस्ती कशी होते, हे जाणकाराकडून समजून घेतलं. चिकटलेलं एकेक पान बोथट पातीनं सोडवायचं, मध्ये टीपकागद घालायचा, फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद गव्हाच्या खळीनं लावायचा. खळ एवढ्यासाठी की उद्या काढावीशी वाटली तर पाण्यानं निघते. लॅमिनेशन अजिबात नाही, कारण ते परत काढता येत नाही. आपल्यातल्याच एका मित्रानं मायेपोटी चार पानांना चिकटपट्टी लावली होती. ती पिवळी पडली, आणि पट्टी सोडवणं हे पान दुरुस्त करण्यापेक्षा अवघड होऊन बसलं. त्याचं नाव लिहीत नाही, तो वर्गणीत भरपाई करणार आहे.

आता मागणं. पैसे शाळेच्या बँक खात्यावरच भरावेत, खाते क्रमांक मुख्याध्यापकांकडे मिळेल. पावती त्यांच्या सहीची घ्यावी. पावतीशिवाय कोणाच्याही हाती रोख देऊ नये, आमच्याही नाही. एका रजिस्टराचा खर्च एखाद्या तुकडीनं मिळून उचलला तर उत्तम. वाशीच्या मार्केटातल्या आपल्या माथाडी मंडळींनी आणि घणसोली-कोपरखैरण्यात राहणाऱ्यांनी आपसात बोलून घ्यावं. यात्रेच्या दिवशी शाळेत टेबल मांडलेलं असेल, कामाची दरपत्रकं आणि जमाखर्च तिथे बघायला ठेवू.

पैशाइतकीच गरज कागदांची आहे. घरातल्या ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, लग्नाच्या अल्बमात जुने दाखले, फायनलची प्रमाणपत्रं, गुणपत्रकं असतील तर घेऊन या. त्याच जागी फोटो काढून कागद लगेच परत देऊ. ज्या पानांवरची अक्षरं गेली तिथे काय होतं, हे त्यावरून कळेल. ही माहिती वेगळ्या वहीत लिहिली जाईल. मूळ रजिस्टरात आपण अक्षरही घालणार नाही, नोंदीला हात लावायचा तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. ज्यांना मोडी वाचता येतं, किंवा ज्यांच्या ओळखीत तसं कोणी आहे, त्यांनी आवर्जून कळवावं. जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च मंडळ करेल.

रजिस्टरात प्रत्येकाची जात आहे, वर्तणुकीचा शेरा आहे, नापासाचा आकडा आहे. म्हणून छायाप्रती शाळेतच राहतील. 'माझ्या बाबांचं पान ग्रुपवर टाका' असा आग्रह कृपया करू नये, त्या पानावर शेजारच्यांचे बाबाही आहेत. आपल्या घरची नोंद हवी असेल त्यानं शाळेत अर्ज द्यावा, नेहमीच्या रीतीनं उतारा मिळेल.

आणि तुमच्याकडचा कागद भिजलेला किंवा चिकटलेला असेल तर तो उन्हात टाकू नका, इस्त्री फिरवू नका. जसा आहे तसा वर्तमानपत्रात नव्हे, कोऱ्या कागदात गुंडाळून आणा.

आपले,
माजी विद्यार्थी मंडळ व ग्रामस्थ