दारं धरणाऱ्याचं वनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, यांस सप्रेम नमस्कार.

मी कराड तालुक्यातला ऊस उत्पादक. अडीच एकर नवी लागण, दीड एकर खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाचा फुटवा, दोन म्हशी. वनखात्याशी माझा संबंध यावा असं काही कारण नव्हतं. तो आला एका प्लॅस्टिकच्या क्रेटमुळं.

परवाच्या हंगामात आमच्या उसाच्या फडाला तोडणीची टोळी लागली होती. सकाळी नऊच्या सुमाराला एक बाई हातातला कोयता टाकून मागं पळाली. पाचटात बिबट्याची तीन पिल्लं होती. मांजराएवढी. मुकादमानं तोड थांबवली आणि पंधरा मिनिटांत बांधावर निम्मं गाव जमलं. वनखात्याचे दोन गार्ड मोटारसायकलवरून आले. त्यातल्या एकानं आल्या आल्या सेल्फी काढणाऱ्या पोरांना पिटाळलं आणि मगच हातमोजे चढवले. डॉक्टर पिल्लं तपासून गेले. दिवस मावळायला ती सापडली त्याच सरीत क्रेटमध्ये ठेवली, वर मादीला सारता येईल असं हलकं झाकण, समोर बांबूला कॅमेरा. आम्हाला सांगितलं, आता इकडं फिरकायचं नाही.

पहाटे गार्डनं मोबाईलवर दाखवलं. मादी आली, क्रेटभोवती दोन फेऱ्या मारल्या, पंजानं झाकण सारलं आणि एक पिल्लू मानेला धरून नेलं. थोड्या वेळानं दुसरं. तिसऱ्याला मात्र पाऊण तास लागला. तेवढा वेळ ते पिल्लू क्रेटच्या कडेवर पुढचे पाय टेकून अंधारात बघत उभं. आमची आई ऐंशीच्या घरातली. ते बघून एवढंच म्हणाली, "बाळंतिणीनं जागा बदलली."

त्या दोन गार्डांचं काम तुमच्या कानावर जावं, हे पत्र लिहिण्याचं एक कारण. पण खरं दुखणं पुढं आहे. मादी पिल्लं घेऊन गेली कुठं? शेजारच्या उसात. दुसरीकडं जाणार तरी कुठं! आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. सावली, पाणी, कुत्री, डुकरं, सगळं तिथंच. आमच्या भागातल्या कित्येक बिबट्यांचा जन्मच फडात झालेला. जंगल त्यांनी बघितलेलं नाही. १९७२ च्या कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच ओळीत. म्हणजे जंगल तुमचं असलं तरी त्याचं घर आमच्या सातबाऱ्यावर आहे.

आणि त्याच आठवड्यात आमच्या डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, रात्रीच्या विजेची पाळी होती.

रात्री लाईट येते म्हणजे काय होतं, ते सांगतो. ऑटो स्टार्टर मोटर चालू करतो, दारं धरत नाही. एक सरी भरली की पाणी पुढच्या सरीत फोडायला माणूस लागतोच. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी, पाय चिखलात, आणि सगळं काम वाकून. उभ्या माणसाला बिबट्या सहसा टाळतो, पण वाकलेल्या माणसाचं माणूसपण त्याला चटकन कळत नाही, हे त्या गार्डनंच सांगितलेलं. म्हणून मी मोबाईलवर मोठ्यानं भजनं लावतो. शेजारचे म्हणतात, त्यानं बिबट्या जातो का माहीत नाही, भावकी नक्की जाते.

आमच्या गावानं पिंजरा मागितलाय. अर्जावर माझीही सही आहे, खोटं कशाला बोलू. पण गार्डचं म्हणणं मला पटलं. एक बिबट्या उचलला की त्याची हद्द मोकळी पडते आणि तिथं दुसरा येतो, बहुतेक वेळा तरणा आणि अनोळखी. जुन्याला निदान आमच्या वेळा ठाऊक असतात. वेळा बदलायच्याच तर त्या लाईटच्या बदलाव्यात.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाकडं तुमचं लक्ष आहे, हे आम्हाला दिसतंय. २०१० साली कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून तो झाला, पण वर्षानुवर्षं वाघ तिथं क्वचितच दिसायचा. राधानगरीकडून आलेला नर २०२३ च्या डिसेंबरात कॅमेऱ्यात आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून पहिली वाघीण चांदोलीत आणली. सागरेश्वर अभयारण्यातली चितळं-सांबरं तिकडं सोडली, वाघाच्या पोटाचा विचार झाला. बरं वाटलं. पण जंगल काही प्रकल्पाच्या पाटीपाशी संपत नाही. २०२१ मध्ये गवा थेट सांगलीच्या मार्केट यार्डात शिरला होता. शिराळा, पाटण, कराड या पट्ट्यात रात्री पाणी पाजणारा प्रत्येक माणूस तुमच्या प्रकल्पाच्या दारातच उभा आहे. उद्या वाघ वाढले, तर बिबटे आणखी खाली सरकतील. वाघाच्या मुलखात बिबट्या अंग चोरूनच राहतो.

दिवसा वीज द्यायची योजना सरकारकडंच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० त्यासाठीच आहे. माझं म्हणणं तिच्या क्रमाबद्दल. कुठल्या गावात पिल्लं सापडली, कुठं शेरडं गेली, कुठं माणसावर हल्ला झाला, याची नोंद तुमच्या खात्याकडं पंचनाम्यासकट असते. ती यादी ऊर्जा खात्याच्या टेबलावर ठेवा आणि त्या गावांचे फीडर, म्हणजे वीजवाहिन्या, आधी दिवसावर घ्यायला लावा. सौर प्रकल्प उभा राहीपर्यंत निदान तोडणीच्या महिन्यांत रात्रीची पाळी नको. त्या दिवसांत फड मोकळे होत जातात आणि माद्या पिल्लं घेऊन उघड्यावर फिरत असतात. टोळीची बिऱ्हाडं फडाच्या कडेला पालात असतात, पोरं तिथंच निजतात. त्यांच्यासाठी दोन दिवे आणि तारेचं कुंपण, एवढा खर्च कारखान्यांना सांगता येईल. आणि त्या गार्डांना एक चारचाकी द्या. क्रेट मांडीवर धरून मोटारसायकलवर बसलेला माणूस मी बघितलाय.

पिंजऱ्याचा अर्ज तुमच्या खात्यात पोचलाय. दिवसा लाईट मिळावी, असा दुसरा अर्ज मी लिहून ठेवलाय. वीज कंपनीत नेला तर म्हणाले, बिबट्याचा विषय वनखात्याचा. वनखात्यात नेला तर म्हणाले, लाईटचा विषय आमचा नाही. तो नेमका कुठं द्यायचा, तेवढं आपल्या कार्यालयानं कळवावं.

आपला,
कराड तालुक्यातला एक ऊस उत्पादक