मार्क्स कार्ड वाळवणाऱ्या साहेबांस

माननीय साहेब,
स. न. वि. वि.

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. तुम्ही कुलसचिव म्हणून निवृत्त झाल्याचं गावात उशिरा कळलं. त्याच आठवड्यात आमच्या मुलीची कागदपत्रं तपासली गेली आणि सरकारी शाळेत तिची नेमणूक पक्की झाली. म्हणून हे पत्र.

2019 च्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी निपाणीकडच्या यमगर्णीजवळ हायवेवर आलं, आमच्या घरात तर माळ्यापर्यंत. ट्रंकेतली एसएसएलसी आणि पीयूसीची, म्हणजे दहावी-बारावीची, मार्क्स कार्डं एकमेकांना चिकटून लगदा व्हायच्या बेतात होती. तसलेच कागद घेऊन एका खिडकीवर गेलो. "पुराचं कारण सगळेच सांगतात, दुसरे आणा," म्हणाले तिथले गृहस्थ. मान वर केली नाही. दुसऱ्या खिडकीनं पहिलीकडं धाडलं. त्या दोघांनाही बढती मिळाली म्हणे. मिळू दे.

तुम्ही गंजी केंद्रावर, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीवर, नोडल अधिकारी होता. तांदळाचा हिशेब बघता बघता मुलीच्या हातात पिशवी दिसली तुम्हाला. ती कार्डं सोडवायला लागली तसं म्हणालात, "ओढू नको बाळ, शाई निघंल." शाळेतला बाक पंख्याखाली ओढलात, मध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घातलेत आणि एकेक कड नखानं उचलत बसलात. फोन वाजत होता, शिपायाला दिलात. वाळल्यावर कार्डं तिच्याच हातात ठेवलीत, माझ्या नाही. पुढचे सही-शिक्के काय, होत गेले.

कन्नड तुमची मायबोली, मराठी धारवाडकडची, मोडकी. आमच्याकडं भाषेवरून काय काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी कुणाला ते आठवलं नाही.

गावातला एक पोरगा तुमच्या विद्यापीठात एमएला होता. परीक्षेचा कारभार मूल्यमापन कुलसचिवांकडं, तुमच्याकडं प्रशासन. "माझा विभाग नव्हे" म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्याचा अडकलेला निकाल घेऊन तुम्ही स्वतः जिना उतरून त्या विभागात गेलात, असं तो अजून सांगतो.

चिंतामणराव देशमुख आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढं 1962 ते 1967 दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. आमच्या सीमाभागात मात्र ते आठवतात 1956 च्या राजीनाम्यासाठी. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. खुर्ची मोठी असून माणूस तिच्याहून मोठा, ही जात दुर्मीळ. तुमचं नाव कुठल्या पुस्तकात येणार नाही, पण आमच्या गल्लीत घेतलं जातं.

तपासणीच्या दिवशी बाईंनी सुरकुतलेलं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. नंबर स्पष्ट वाचता आला. मुलगी सोमवारी रुजू होतेय.

वहिनींना घेऊन एकदा जेवायला या. पावसाळ्यात मात्र नको, आमच्या पुलावर अजून पाणी चढतंय.

आपला,
वेदगंगाकाठचा एक बाप