पुलावरची गाडी आणि तुमच्या अ‍ॅपमधली चाळीस मिनिटे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
(रेल्वेच्या वेळा दाखवणारे मोबाइल अ‍ॅप चालवणारी कंपनी)

विषय : कोल्हापूर–मिरज पॅसेंजरची चुकीची वेळ दाखवल्याने झालेला त्रास, वर्षाच्या वर्गणीचा परतावा आणि नोंदींची दुरुस्ती

महोदय,

मी रुकडीची. शाहूपुरीतल्या एका पेढीवर हिशेब लिहिते आणि गेली बावीस वर्षे पास काढून पॅसेंजरने कोल्हापूरला ये-जा करते. तुमच्या अ‍ॅपची वर्षाची वर्गणी मी सलग दुसऱ्यांदा भरली आहे. पैसे घेताना तुम्ही ‘गाडीची अचूक जागा’ दाखवू असे लिहिले होते. त्या भरवशावर मी माझ्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन स्टेशनवर गेले.

आबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन मिरजेला झाले आहे. त्या दिवशी सकाळी तपासणीचा नंबर होता. आम्ही वेळेत स्टेशनवर पोचलो. अ‍ॅप उघडले तर गाडी चाळीस मिनिटे उशिरा. आबांना उन्हात उभे करायचे नाही म्हणून बाहेर चहाच्या टपरीवर सावलीला बसवले, डोळ्यात औषधाचा थेंब घातला. दहा मिनिटेही झाली नसतील, तोच आबांनी मान वर केली. म्हणाले, “गाडी पुलावर आली न्हवं. ऊठ.” मी त्यांच्यासमोर मोबाइल धरला आणि म्हणाले, “आबा, अजून लई वेळ आहे, बसा.”

कोल्हापूरकडून येणारी गाडी वळिवडे सोडून पंचगंगेच्या पुलावर चढली की रुळांचा आवाज बदलतो. खडखड थांबते आणि पोकळ घुमल्यासारखा आवाज येतो. वारा तिकडून असला की तो रुकडीत ऐकू येतो. आबा तरुणपणी याच गाडीने दुधाच्या किटल्या घेऊन कोल्हापूरला जायचे. १९७१ साली रूळ रुंद झाले, त्याआधीच्या मीटर गेजच्या गाडीचा आवाजही त्यांच्या कानात आहे. त्यांचे कान खरे होते. मी तिकिटे, फाइल आणि त्यांचा हात धरून प्लॅटफॉर्मवर पोचले, तेव्हा शेवटचा डबा पुढे निघाला होता. डोळ्यावर काळा चष्मा लावलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला मी पळवले, याचे मला आजही वाईट वाटते. रिक्षाने हातकणंगले, तिथून एसटी असे करत मिरज गाठली. नंबर गेला होता. संध्याकाळपर्यंत आबा बाकावर बसून होते.

रात्री मी अ‍ॅप नीट पाहिले, तेव्हा कारण सापडले. करोनात मार्च २०२० ला बंद झालेल्या पॅसेंजर पुन्हा धावू लागल्या, तेव्हा त्यांना शून्याने सुरू होणारे विशेष क्रमांक होते. १ जानेवारी २०२५ पासून ते जाऊन नेहमीचे क्रमांक आले. तुम्ही नवे क्रमांक घातले, पण जुने काढलेच नाहीत. त्यामुळे रुकडीहून शोधले की एकच गाडी दोनदा दिसते. मी जतन केलेली गाडी जुन्या क्रमांकाची होती. त्या क्रमांकाची गाडी आता धावतच नाही. जी गाडी नाही तिला चाळीस मिनिटे उशीर कुठून आला, हे तुम्ही मला लेखी सांगावे.

दुसरे म्हणजे, ही लाइन एकेरी आहे. समोरून एक्स्प्रेस यायची असली की पॅसेंजर क्रॉसिंगला थांबते. आम्ही पासवाले हे जाणतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या वेळी तुमचा निळा ठिपका वेळापत्रकाप्रमाणे पुढे पुढे सरकत राहतो. गाडी हातकणंगल्यात उभी असते आणि ठिपका रुकडीत पोचलेला असतो. गाडीची खरी माहिती हाती नसेल तेव्हा ‘अंदाज’ असे स्पष्ट लिहा. तेवढे लिहिलेले असते, तर मी त्या दिवशी आबांचे ऐकले असते.

भाड्याचेही तेच. पॅसेंजरचे किमान भाडे करोनानंतर तीस रुपये झाले होते, ते २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा दहावर आले. तुमच्याकडे अजून तीसच आहे. भाजीची पाटी घेऊन जाणारी बाई लेकीच्या मोबाइलवर तीस बघते आणि वडापची जीप धरते.

आणि तुमच्या अ‍ॅपवरची स्टेशनांची नावे. ‘वालीवाडे’, ‘रुकाडी’, ‘हटकनंगले’, ‘गुर मार्केट’. आमच्या गुळाला देशभर मान आहे, आणि त्याच्या बाजारपेठेजवळचा हॉल्ट आम्ही गूळ मार्केट म्हणूनच ओळखतो. वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडहून आलेल्या हजारो निर्वासितांची छावणी होती. त्यांच्या घरचे लोक आजही हे गाव शोधत येतात. ही लाइन कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधली. १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा ते अवघे तेरा-चौदा वर्षांचे होते, आणि १८९१ साली गाडी सुरू झाली. आज इचलकरंजीचा कामगार हातकणंगल्याला उतरतो, कारण त्याच्या गावाला स्टेशन नाही. मराठी भाषा निवडल्यावर त्याला त्याचे स्टेशन मराठीत वाचता आले पाहिजे.

मी तुम्हाला तीन वेळा कळवले. तिन्ही वेळा ‘गैरसोयीबद्दल खेद आहे, इंटरनेट तपासा’ एवढेच उत्तर आले, तेही हिंदीत. माझे इंटरनेट व्यवस्थित होते.

माझी मागणी अशी : यंदाची पूर्ण वर्गणी आणि त्या दिवशीचे रिक्षा-एसटीचे पैसे परत मिळावेत. रिक्षाची पावती नसते, पण एसटीची तिकिटे जोडली आहेत. जुन्या क्रमांकाच्या सगळ्या नोंदी काढाव्यात, भाडे आणि नावे दुरुस्त करावीत. कोल्हापूर ते मिरज सगळ्या स्टेशनांची नावे मी मराठीत शुद्ध लिहून सोबत पाठवत आहे. त्यासाठी आणखी काही लागले तर जरूर विचारा, मी आनंदाने देईन.

पंधरा दिवसांत मराठीत लेखी उत्तर आले नाही, तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आबांची पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. त्याच्या आत निदान जुने क्रमांक तरी काढा.

आपली,
रुकडीची एक पासधारक

सोबत : वर्गणीची पावती, त्या सकाळी अ‍ॅपवर दिसलेल्या वेळेची छायाचित्रे, एसटीची दोन तिकिटे, स्टेशनांच्या नावांची यादी