याच्यावरही होता का?

डॉक्टर मॅडम,

परवा तुमच्या खुर्चीतून उठले तेव्हा घसा इतका दाटून आला होता, की नीट आभारही मानता आले नाहीत. म्हणून हे पत्र.

२ वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले आणि वरचा समोरचा दात तिरपा तुटला. तेव्हा ज्यांच्याकडे गेले, त्यांनी एकाच शेडचं कॉम्पोझिट, म्हणजे दात भरायचं दाताच्या रंगाचं मिश्रण, थापलं आणि मोकळे झाले. वर्गात माझ्या हातात असतो त्या खडूसारखा पांढराफटक दात, जाड, बोलताना खालच्या ओठाला लागणारा. तसं सांगितलं, तर म्हणाले, "एवढं कोण बघतंय, मॅडम?" मी बघत होते, रोज सकाळी. शिकवताना हात आपोआप तोंडावर जायचा. मागच्या बाकावरची मुलं म्हणायची, "बाई, ऐकू येत नाही." काम कुणाचंही बिघडू शकतं, ते मी विसरले असते. ते वाक्य मात्र अजून टोचतं.

तुम्ही काहीही करण्याआधी मला खिडकीपाशी नेलंत. दात कोरडा पडला की मूळ रंगापेक्षा पांढरा दिसतो, म्हणून शेड आधीच, ओल्या दातावर आणि दिवसाच्या उजेडात बघायची, असं म्हणालात. मोहरीएवढे कॉम्पोझिटचे ठिपके दातावर ठेवून, निळ्या लाइटखाली कडक करून पाहिलेत. खऱ्या दातात उजेड थोडा आत शिरतो आणि मग परततो, हे मला तुमच्याकडून कळलं. म्हणून आतला थर डेंटिनसारखा, म्हणजे दाताच्या आतल्या भागासारखा, दाट आणि पिवळसर. वरचा इनॅमलचा, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कवचासारखा, पातळ आणि काचेसारखा. आणि अगदी खालच्या कडेला निळसर झाक. रोज आरशात बघूनही ती झाक मला कधी दिसली नव्हती.

बाकीचं सगळं सांगत बसत नाही. पण शेवटचा थर चढवण्याआधी तुम्ही थांबलात. शेजारच्या दाताकडे बोट करून म्हणालात, "इथे तांदळाच्या कणीएवढा पांढरट ठिपका आहे. याच्यावरही होता का?"

होता, मॅडम. दोन्ही दातांवर होता, लहानपणापासून. बाबा त्यांना 'माझ्या पोरीच्या दोन कण्या' म्हणायचे. त्यातली एक रस्त्यावर पडली आणि बाबाही आता नाहीत. तोंडात रबर डॅम, म्हणजे दातांभोवती ताणून लावलेला रबराचा पडदा होता, बोलता येईना. मी नुसती मान हलवली. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत. बारीक ब्रशच्या टोकाने तो ठिपका ठेवलात, शेजारच्याकडे पुन्हा पाहिलंत, थोडा पुसून फिका केलात आणि मग त्यावर इनॅमलचा थर ओढलात. ठिपका वर चिकटवल्यासारखा दिसत नाही, आतून आल्यासारखा दिसतो. तो नसता तरी दात चांगलाच दिसला असता. माझा वाटला नसता.

आमच्या गल्लीतले शिंपी शर्टाच्या खिशावरची रेघ अंगावरच्या रेघेला जुळवल्याशिवाय मशिनला हात लावत नाहीत. त्याचे जास्त पैसे घेत नाहीत, आणि न जुळवल्याची तक्रारही बहुतेक कुणी केली नसती. तुमचा ब्रश थांबला तेव्हा मला तेच आठवले. अशी माणसं भेटली की कितीतरी दिवस बरं वाटत राहतं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पेरू कापूनच खाते, ऊस बंद केलाय. सहा महिन्यांनी पॉलिशला येईन. काल भाऊ आला होता. दिव्याखाली नेऊन, हनुवटी वर करून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, कुठला गं तो?" मी सांगितलं नाही. हसत होते, आणि हात मांडीवरच होता.

तुमची,
सहावीच्या वर्गाच्या बाई