वानप्रस्थ म्हणजे वृद्धाश्रम नव्हे

महोदय,

पहिली पंचवीस वर्षे ब्रह्मचर्य, पुढची पंचवीस गृहस्थाश्रम, मग वानप्रस्थ आणि पंचाहत्तरीनंतर संन्यास, असा आपल्या पूर्वजांचा हिशेब होता आणि आजचा वृद्धाश्रम हे वानप्रस्थाचेच नवे रूप आहे, असे विलेपार्ल्यातील एका व्याख्यानात नुकतेच ऐकले. टाळ्याही पडल्या. मला यातले काहीच पटले नाही, म्हणून हे पत्र.

मनुस्मृतीत आयुष्याचे भाग पाडले आहेत हे खरे, पण वर्षांचा असा साचा तिथे नाही. वेदाध्ययनच मुळी ३६ वर्षे, त्याच्या निम्मे, पाव किंवा विद्या आत्मसात होईपर्यंत करावे, असे सांगितले आहे. वनात केव्हा जावे, याचेही उत्तर वयात दिलेले नाही. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवंड पाहिले की गृहस्थाने निघावे. त्याआधीच्या धर्मसूत्रांत, म्हणजे आचारनियमांच्या जुन्या सूत्रग्रंथांत तर आश्रम हे विद्यार्थिदशेनंतर ज्याने त्याने निवडायचे मार्ग आहेत आणि खरा आश्रम गृहस्थाचा एकच, हे मतही गौतम व बौधायन यांच्या सूत्रांत नोंदलेले आहे.

वानप्रस्थी आपणहून निघतो, अग्निहोत्र म्हणजे रोजच्या होमाचा अग्नी सोबत नेतो, पंचमहायज्ञ ही गृहस्थाची पाच नित्यकर्मे चालू ठेवतो आणि दारी आलेल्याचे पाणी, कंदमुळे, फळे देऊन आतिथ्य करतो. घरावरची सत्ता तेवढी तो मागे ठेवतो. पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावे किंवा बरोबर न्यावे, अशी मुभा मात्र त्याला आहे. तिला कोणी विचारल्याचे दिसत नाही. शिवाय ही सारी व्यवस्था द्विज, म्हणजे ब्राह्मण, क्षत्रिय व वैश्य पुरुषांपुरती होती, हेही वक्त्यांनी सांगायला हवे होते.

मुलुंडच्या दोन खोल्यांत वन कुठून आणणार? अडुसष्टाव्या वर्षी मी कपाटाच्या किल्ल्या, दूधवाल्याचा हिशेब आणि गणपतीची खरेदी सुनेकडे सोपवली. त्याला आता दोन वर्षे झाली, तरी फोडणीचा वास आला की बाहेरच्या खोलीतून ‘गॅस बारीक कर गं’ असे तोंडातून निघतेच. ती बिचारी गॅस बारीक करते आणि मी पुन्हा गृहस्थाश्रमात येते.

सोपवण्याच्या या भरात घरही मुलांच्या नावे करणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. आपला सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि ती अट पाळली गेली नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. म्हणून बक्षीसपत्रात ती अट स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांना वेळ ठेवला असता, तर हे मी तिथेच बोलले असते.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई